अर्ध्या मैदानाची नांगरट

वाफसा कुणासाठी थांबत नाही. लग्नासाठी नाही, श्राद्धासाठी नाही, मग जालन्याच्या फुटबॉलसाठी तो कशाला थांबेल? ज्याला हे पटत नसेल त्यानं एकदा शेतकऱ्याच्या पोटी जन्म घेऊन बघावं, असं कडूबाचं म्हणणं होतं. आणि त्या शुक्रवारी दुपारपर्यंत तरी आपल्या म्हणण्यात काडीची चूक त्याला दिसत नव्हती.

हस्ताचा पाऊस मंगळवारी रात्री झोडपून गेला होता, आणि आता जमीन ना चिखल ना दगड, नेमकी नांगराला आली होती. वाफसा तो हाच. सदतीस सालची घटस्थापना ती. त्याच दिवशी सकाळी तिघा भावांच्या वाटण्या झाल्या होत्या. बापाचं, रखमाजीबाबांचं, वर्षश्राद्ध मागच्याच महिन्यात उरकलं होतं, आता लांबवण्यात अर्थ नव्हता. आवाज नाही, तंटा नाही. मंठ्याला दिलेल्या बहिणीनं, दुर्गाबाईनं, तांब्यात हात घालून तीन चिठ्ठ्या काढल्या. मधल्या काकासाहेबाला विहिरीचा मळा आला. धाकट्या केशवला जालन्याचं घर आलं. आणि थोरल्या कडूबाला राजुराकडचं कोरडवाहू रान आलं, त्याच्या जोडीला शहराला लागून असलेलं हे चार एकरांचं पटांगण.

हे पटांगण मूळचं पलटणीचं. गोरे साहेब इथं शिपायांची कवायत घ्यायचे. पलटण उठली तेव्हा रखमाजीबाबांनी गवताच्या आशेनं ते घेतलं, पण गवत वाढायच्या आधीच गावची माणसं त्यात शिरली, आणि म्हातारा कुणाला 'निघा' म्हणायच्या स्वभावाचा नव्हता. चौतीस वर्षं त्यात नांगर गेला नव्हता. वर चार बोटं मुरमाचा टणक थर, आणि खाली काळी, लोण्यासारखी. बुधवारी कडूबानं पहारीनं टोकरून पाहिली आणि मूठभर माती तळहातावर चुरली. सोन्यासारखी जमीन चौतीस वर्षं उपाशी ठेवली की हो ह्या लोकांनी! तो तसाच गाडी जुंपून राजुराकडं गेला आणि गुरुवारी संध्याकाळी चार बैल आणि लोखंडी नांगर घेऊन परत हजर झाला.

शुक्रवारी तांबडं फुटायला त्यानं पहिलं तास धरलं. थर असा चिवट की पहिल्या फेरीला बैल फेसाटले. पण एकदा फाळ खाली गेला आणि काळ्या मातीची वळी चमकत उलटली तसा त्याला हुरूप आला. त्यानं सुरुवात केली होती बरोब्बर खेळाच्या जागेपासून, कारण तीच सगळ्यात सपाट होती. त्यात चुकलं कुठं? शहाणा माणूस आधी चांगलं रानच धरतो.

सकाळी काकासाहेब कापसाच्या बाजाराला निघाला होता. डोक्याला रुमाल, अंगात कोट, काखेत छत्री. 'काकासाहेब' हे त्याचं पाळण्यातलं नाव, आणि बिचाऱ्यानं जन्मभर त्या नावाला शोभेल असंच वागायचं ठरवलं होतं. तो बांधाशी थांबला.

"दादा, लैच जल्दी केलीस."

"वाफसा हाय. दोन दिस थांबलं तर दगूड होईल ह्याचा."

"केशवला सांगितलंस?"

"त्यो बुधवारीच औरंगाबादला गेल्ता. अन् सांगायचं काय त्याच्यात? घराला चुना लावताना त्यो मला इचारनार हाय का?"

काकासाहेबानं छत्रीचं टोक मातीत रुतवून बघितलं. "तुझा वाटा, तुझी मर्जी. आपुन काही पाहिलं न्हाई बुवा."

आणि तो गेला. 'पाहिलं नाही' म्हणणारा माणूस सगळं पाहून झाल्यावरच तसं म्हणतो, हे कडूबाला तेव्हाच कळायला हवं होतं. पण नांगरावर असलेल्या माणसाचं डोकं तासाबरोबर चालतं, दुसरीकडं जात नाही.

दिवस कलला तेव्हा एका गोलाच्या खांबांपासून मधल्या चुन्याच्या रेघेपर्यंत सगळं उलथून झालं होतं. कडूबा बैलं सोडून बांधावर बसला आणि माणसं यायला लागली.

माणसं येणार, बोंब मारणार, हे त्यानं धरलंच होतं. त्यांना द्यायची उत्तरंही त्यानं नांगर हाकता हाकता तयार करून ठेवली होती. 'तुमच्या बापाचं हाय का?' हे एक. 'खेळून पोट भरतं का?' हे दुसरं. तिसरं जरा वाईट होतं, ते त्यानं अगदी वेळ आली तर म्हणून राखून ठेवलं होतं.

पहिली आली गोजरबाई परटीण, डोक्यावर धुतल्या कपड्यांचं बोचकं. ती रोज गोलाच्या खांबांना दोरी बांधून कपडे वाळू घालायची. नांगरट पाहून ती जागीच थबकली.

"पाटील, पेरता व्हय?"

"पेरतो. शाळू."

"चांगलं हाय. काळी झ्याक हाय," ती म्हणाली, आणि ओलं बोचकं तसंच डोक्यावर घेऊन अख्ख्या पटांगणाला वळसा घालून निघून गेली.

मग तालमीतले पैलवान आले. त्यांचा कुस्तीचा हौद पलीकडच्या कोपऱ्यात. सरळ गेले असते तर शंभर पावलं. पण ते बांधाबांधानं, एकामागं एक, लांबून गेले. एकानं जाता जाता हात जोडून रामराम घातला. जुम्म्याची नमाज आटोपून बँडवाले उस्मानचाचा आले. सरकारांच्या सालगिरहच्या, म्हणजे वाढदिवसाच्या, दिवशी वाजवायची गत ते दर शुक्रवारी इथं पोरांकडून घोटून घ्यायचे. काखेतलं पितळी वाजंत्र सावरत त्यांनी नांगरटीकडं बघितलं.

"पाटील, खेत हो गया?"

"हो गया, चाचा."

"अल्ला बरकत दे," म्हातारा म्हणाला आणि पोरांना घेऊन आल्या वाटेनं परत फिरला.

शेवटी फुटबॉलवाले आले. कापसाच्या जिनातले कामगार, दोन कारकून, एक मास्तर, सगळे अनवाणी. उरलेल्या अर्ध्यात त्यांनी दोन धोंडे ठेवून खेळ मांडला. थोड्या वेळानं चेंडू उडाला आणि नांगरटीच्या मधोमध ढेकळात जाऊन बसला. कुणीतरी आणायला धावला आणि पहिल्या तासाशी येऊन एकदम थांबला. त्याच्या मागं सगळेच थांबले.

"कडूबादादा, जरा तेवढा बॉल देता का?"

"का रं? पाय मोडले का तुझे?"

"न्हाई, नांगरल्या रानात पाय कसा घालावा, म्हणून म्हणलं."

कडूबा उठला, तास तुडवत गेला आणि चेंडू घेऊन आला. त्याच्या हातात फुटबॉल आला तो जन्मात पहिल्यांदाच. त्यानं तो त्या माणसाच्या हातात दिला आणि परत येऊन बसला. त्याला कसंसंच झालं. ज्या जागी ही माणसं आयुष्यभर नाचली, ती जागा त्यानं एका दिवसात फाडली, आणि त्यांनी काय केलं? तर त्याच्या नांगरटीचा मान राखला. तयार केलेल्या तीन उत्तरांपैकी एकही उपयोगाला आलं नाही.

मग केशव आला, संध्याकाळच्या गाडीनं उतरून सरळ स्टेशनावरून. शाळेचा ड्रिल मास्तर तो, आणि जालन्याच्या फुटबॉलचा कर्ताकरविताही. खाकी कपडे, पायात बूट, हातात कातडी पिशवी. पटांगणाच्या कडेला आला आणि उभा राहिला. कडूबा उठून उभा राहिला. आता हा बोलेल. बोलू दे, धाकटा आहे, रागाचा हक्क आहे त्याला.

केशवनं नांगरट एकदा नजरेनं मोजली. पिशवी खाली ठेवली, नांगरटीच्या कडेकडेनं गोलापाशी गेला, दोन्ही खांब हलवून हलवून उपटले, एकावर एक ठेवून खांद्यावर घेतले आणि पिशवी उचलून घराकडं चालायला लागला.

"केशव! आरं, शिव्या तरी दे की!"

त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही.

*

दिवेलागणीला घरात सगळे होते. ते दोन खांब अंगणात भिंतीला टेकून उभे होते, आणि येणारा-जाणारा त्यांना चुकवून चालत होता. कडूबाची बायको सोनूबाई चुलीशी भाकरी थापत होती. एरवी तिच्या थापण्याच्या तालावर शेजारीण जागी व्हायची, आज मात्र थाप अगदी हलकी पडत होती.

दुर्गाबाई हात पुसत बाहेर आली आणि थोरल्या भावापुढं बसली. कडूबाहून लहान, बाकीच्या दोघांहून मोठी. तिच्या जिभेला मंठ्यापासून जालन्यापर्यंत सगळे वचकून होते.

"दादा, काय करून बसलास रं हे?"

"वाटा माझा हाय. चिठ्ठी तूच काढली."

"मीच काढली. पटांगण तुला आलं तवा केशव हासला, पाहिलंस का?"

कडूबानं पाहिलं होतं. त्याला तेव्हा वाटलं होतं, घर मिळालं म्हणून हसला असेल.

"मी इचारलं त्याला मागून," दुर्गाबाई म्हणाली. "तर म्हणे, आक्का, बरं झालं. काकासाहेबाला गेलं असतं तर घोर लागला असता. दादाला गेलं, आता बिनघोर. दादा काय पटांगणाला हात लावतो का!"

कडूबानं मान खाली घातली. इतका वेळ 'माझं काय चुकलं' म्हणून जे कमरेला घट्ट बांधून ठेवलं होतं ते सुटलं.

"अन् अजून ऐक. बाबाच्या नावानं ढाल ठेवलीय त्यानं. रखमाजीबाबांची ढाल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी औरंगाबादची टीम येनार हाय खेळायला. तेच ठरवायला गेल्ता त्यो."

"मला कुणी सांगितलं हे?"

"तू इचारलं कवा? खेळाचं नाव काढलं की तुझं एकच. रिकामटेकड्याचे धंदे! कोन सांगनार तुला?"

काकासाहेब आरामात बसून पान जुळवत होता. "आक्का, तू उगंच दादाला बोलून राह्यलीस. कायद्यानं दादाचं बिलकुल बराबर हाय. पेरून टाक म्हणतो मी. औंदा शाळू घे. पुढच्या साली बघू. तसंबी कापसाच्या गाड्या उभ्या करायला बाजाराजवळ जागा लागतेच."

अस्सं! कडूबाला सकाळची छत्री आठवली, मातीत रुतवून बघणारी. आपल्या बाजूनं बोलणारा तेवढा एकच माणूस, आणि त्याच्या बोलण्याला हा वास. त्यापेक्षा एकटं पडलेलं बरं.

चुलीकडून सोनूबाई बोलली. दिरांच्या देखत ती सहसा नवऱ्याला टोकत नसे. "अवो, शाळू कुठंबी येतो. दीर कुठून आणताल?"

"तू गप."

"म्या तर गप्पच हाये. सकाळपून गप हाये. नांगर घेऊन निघालात तवाच इचारनार व्हते, तर तुमी 'वाफसा, वाफसा' करत पळालात."

माजघरातून केशवचा आवाज आला, अगदी शांत. तो रागावला असता तर बरं झालं असतं. "आक्का, दादाला सांग, माझं काही म्हणणं न्हाई. रान त्याचं हाय. मी सकाळी औरंगाबादला तार करतो, येऊ नका म्हणून."

प्लेगच्या साली सगळं गाव घरं सोडून त्या पटांगणात झोपड्या घालून राहिलं होतं. अठरा वर्षांचा कडूबा दिवसभर घागरीनं पाणी वाहायचा. एका दुपारी तो झोपडीशी आला तर आत नुकतं जन्मलेलं मूल रडत होतं. तो केशव. त्याला पहिल्यांदा बाहेर आणलं ते कडूबानंच, आणि बाहेर म्हणजे ह्याच पटांगणात. हे सगळं त्याला माहीत होतं, आणि तरी सकाळी नांगर धरताना ह्यातलं काहीएक त्याच्या मनात आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"दुर्गे, त्याला सांग, तार करू नको."

"आक्का, दादाला सांग, ढेकळात फुटबॉल खेळत न्हाईत."

"मी काय टपालाची पिशवी हाये व्हय रं तुमची?" दुर्गाबाई कडाडली. "समोरासमोर बसा अन् बोला!"

कुणी समोर आलं नाही. कडूबाची नजर जमिनीवर गेली. घर शेणानं सारवलेलं, गुळगुळीत. त्यानं तळहात फिरवून पाहिला.

"दुर्गे, सामना कवा म्हणलीस?"

"आजच्या आठव्या दिशी. पुढच्या शुक्रवारी."

"मंग मधे सहा दिस हायेत," कडूबा म्हणाला. "मी खळं करतो."

काकासाहेब हसला. "अर्ध्या मैदानाचं खळं? येडा झालास का, दादा?"

"तू हासू नको," दुर्गाबाई त्याच्याकडं वळली. "दादाचं पेरायचं रान गेलं म्हणजे त्याच्या वाट्याला राजुराचा निस्ता मुरूम राह्यला. तुझ्या मळ्यातला दोन एकराचा तुकडा त्याला दे."

"चिठ्ठीनं आलंय ते..."

"चिठ्ठी मीच काढली ना? पुन्यांदा काढू का?"

काकासाहेबानं पान तोंडात टाकलं आणि बराच वेळ चघळलं. पान संपल्यावर म्हणाला, बघू. दुर्गाबाईच्या हिशोबानं त्याचं 'बघू' म्हणजे हो, कारण नाही म्हणायला तो कधी इतका वेळ लावत नसे.

*

खळं करणं म्हणजे सोपी गोष्ट नव्हे. ज्वारीची रास पडायची जागा ती. तिथं एक भेग राहिली तर मूठभर दाणे गिळते, आणि एक खडा राहिला तर तो भाकरीत दाताखाली येतो. कडूबा बारा वर्षांचा असल्यापासून खळं करत आला होता. पण ते मळणीपुरतं, अंगणाएवढं. एवढं मोठं खळं त्याच्या बापानं केलं नव्हतं, आणि आज्यानंही नाही.

शनिवारी त्यानं ढेकळं फोडली. वखर फिरवला, वखरामागं फळी ओढली, फळीवर दोन पैलवान उभे केले वजनाला. पैलवान कसे आले, कुणी बोलावले, त्याला माहीत नव्हतं, हौदाकडं निघाले होते, थांबले, आणि "दादा, काय करून राह्यलात?" विचारून फळीवर चढले. रविवारी गाडीवर पिपं लादून कुंडलिका नदीचं पाणी आणलं आणि हातानं शिंपलं, एका जागी जास्त नाही, एका जागी कमी नाही. पाणी मुरायला रात्र दिली. सोमवारी मधोमध मेढ रोवून तिला बैल बांधले आणि गोल गोल फिरवले. खुराला माती चिकटू नये म्हणून वर ज्वारीचा भुसा पसरला. एक गोल झाला की मेढ उपटून पुढं रोवायची, पुन्हा गोल. चार बैलांनी दिवसभरात पाव भाग झाला. कडूबानं बसून बोटांवर दिवस मोजले. हे असं दसऱ्यापर्यंत काही उरकत नव्हतं.

मंगळवारी सकाळी दुर्गाबाई पटांगणावर आली, पदर खोचलेला, चेहऱ्यावर वैताग. "ऐक. निरोप हाय. 'आक्का, दादाला सांग, शाळेची पोरं बारा ते एक मोकळी हायेत.' घे. आता ह्याचं उत्तर काय सांगू?"

"त्याला सांग, आण. पन पायताण न्हाई चालायचं. खळं हाय हे."

बाराला केशव दीडशे पोरं घेऊन आला. काठाशी उभा राहून त्यानं आधी स्वतःचे बूट सोडले, जोडीनं बांधावर ठेवले, आणि मग हुकूम दिला. दीडशे पोरं चार-चारच्या रांगेनं त्या ओलसर मातीवर कवायत करत फिरली, लेफ्ट-राईट, लेफ्ट-राईट, एका टोकाकडून दुसऱ्याकडं आणि परत. कडूबा पुढं पुढं चालत सांगत होता, इथं कमी दबलं, तिथं पुन्हा घ्या. आणि केशव त्याच्याकडं न बघता तोच हुकूम मोठ्यानं पोरांना देत होता. असे दोघं भाऊ तासभर एकमेकांशी बोलले, म्हणजे बोलले नाहीत.

दुपारून उस्मानचाचांचा बँड आला. "पाटील, हम को बी चलना है," म्हातारा म्हणाला, आणि वहाणा काढून सालगिरहची गत वाजवत त्यांनी सगळी जागा चार वेळा तुडवली. बुधवारी चोपण्या घेऊन परीट आळी आणि तालीम बडवायला बसली. तहसील कचेरीचा एक चपराशी मधून जाता जाता बूट घालून शिरला, तर गोजरबाईनं त्याला अशी झाडली की तो बूट हातात घेऊन टाचा उचलत पळाला. संध्याकाळी सोनूबाई आणि दुर्गाबाई आळीतल्या वीस बायका घेऊन आल्या आणि शेणकाल्यानं सारवायला बसल्या. अर्ध्या दिवसाचं काम होतं, पण बायका बोलत बोलत सारवतात, त्यामुळं दसऱ्याची दुपार झाली. सोनं लुटायला निघालेली माणसं रिवाजानं पटांगणावरूनच जायची. ती थांबली, बघितलं, आणि पुन्हा बांधाबांधानं गेली. ह्या वेळी कडूबाला बरं वाटलं.

त्यानं सारवलेल्या कडेवर बसून तळहात फिरवला. एक भेग नाही, एक खडा नाही. मळ्यातल्या दोन एकरात त्याच सकाळी काकासाहेबाच्या गड्यानं कडूबासाठी शाळू पेरून टाकल्याचं त्याला कळलं होतं. काकासाहेब स्वतः सांगायला आला नव्हता. तो त्याचा स्वभाव.

*

सामन्याला निम्मं जालना लोटलं. कडूबा जन्मात पहिल्यांदा खेळ बघायला बसला, पुन्हा रोवलेल्या गोलाच्या खांबांमागं, सोनूबाईच्या आणि दुर्गाबाईच्या पुढं. खेळातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. बावीस माणसं एका चेंडूमागं का पळतात, आणि तो मिळाल्यावर लगेच लाथ मारून देऊन का टाकतात, हे त्यानं दुर्गाबाईला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा तिनं डोळे वटारले.

औरंगाबादच्या सहा जणांच्या पायांत बूट होते. त्यांच्या कप्तानानं काठाशी येऊन पायाखाली बघितलं, वाकून हात लावला, आणि आपल्या माणसांना काहीतरी म्हणाला. सहाच्या सहा जणांनी बसून बूट सोडले. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कडूबाला तो माणूस एकदम आवडला, पाहुण्यांचा असला तरी.

कडूबाचं लक्ष चेंडूकडं नव्हतंच; तो माती बघत होता. कुणी टाच रोवून वळला की त्याचा जीव टाचेखाली जायचा. पण खळं हललं नाही. चेंडू त्यावरून सरळ, सरसर जायचा. आणि रेघ ओलांडून पलीकडच्या जुन्या अर्ध्यात गेला की खड्ड्याला, धोंड्याला लागून कुठंही उडायचा. तेवढं कडूबालाही दिसत होतं. मध्यंतर होऊन बाजू बदलल्या तेव्हा पैलवान ओरडले, "आता आपल्याला खळ्याकडं मारायचंय रे!" आणि सगळे हसले.

जालन्यानं एक गोल केला. औरंगाबादनं दोन केले. शिट्टी वाजली, आणि रखमाजीबाबांचं नाव कोरलेली पितळी ढाल औरंगाबादच्या कप्तानानं दोन्ही हातांनी उचलली.

"आता ही ढाल कुठं जानार?" कडूबानं विचारलं.

"कुठं म्हणजे? औरंगाबादला. जिंकले ते."

"बाबाचं नाव औरंगाबादला? सालभर?" कडूबा खरोखरच हादरला. "हे कुणी ठरवलं? हा कसला कायदा?"

दुर्गाबाईनं कपाळाला हात लावला. "म्हणून तुला कुणी काही सांगत न्हाई, दादा."

गर्दी पांगली. पाहुण्यांना जेवायला घेऊन काकासाहेब पुढं गेला, बायका ताटं वाढायला गेल्या. कडूबा एकटाच मागं राहिला. सामन्यानं पडलेल्या दोन-चार खरचटींवर तो ओलं शेण लावत होता, अंगठ्यानं दाबून, हळूहळू. कुणीतरी अनवाणी चालत येऊन शेजारी बसलं. त्यानं वर बघितलं नाही. केशवची सावली त्याला लहानपणापासून ओळखता येत होती.

केशवनं थोडं शेण उचललं आणि दुसऱ्या खरचटीला लावायला घेतलं. त्याला नीट जमत नव्हतं. कडूबानं त्याचा अंगठा धरून दाखवलं, असं, कडेकडून. दोघांनी मिळून ती जागा पुरी केली.

"दादा."

आठ दिवसांत पहिल्यांदा. मधे आक्का नाही, निरोप नाही. कडूबाचा हात तसाच थांबला.

केशव पलीकडच्या जुन्या, खड्ड्याखुड्ड्यांच्या अर्ध्याकडं बघत होता. "उरल्यालं अर्धं कवा नांगरतोस?"

कडूबाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पुसायला हात शेणाचे होते, म्हणून त्यानं ते पुसलंच नाही.

"तू सांगशील तवा," तो म्हणाला.